प्रतिजैविकांचा प्रतिरोध आणि पॉडकास्टची उपयुक्तता

जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात, आणि ही औषधे देऊनही जिवाणू तग धरून वाढत राहतात तेव्हा त्या अवस्थेला प्रतिजैविकांचा प्रतिरोध असे नाव आहे. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने २०१९ या एका वर्षातील सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज वर्तवला होता. आकडा मोठा असला, तरी तो ऐकून सर्दीवर गोळी मागायला निघालेला माणूस मेडिकलच्या पायरीवरून माघारी वळत नाही, कारण त्या आकड्याचा आपल्या हातातील गोळीशी काय संबंध, हे त्याला कोणी सविस्तर सांगितलेले नसते. भित्तिपत्रकावर मावते ती फक्त आज्ञा. कारण उलगडून सांगायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ स्वयंपाक करताना किंवा प्रवासात ऐकणारा श्रोता पॉडकास्टला, म्हणजे मोबाईलवर सवडीने ऐकायच्या ध्वनिमालिकेला, सहज देतो.

ते कारण मुळात असे आहे. 'शरीराला औषधाची सवय होते' ही सर्वत्र रुजलेली समजूत चुकीची असून बदल शरीरात नव्हे, जिवाणूंमध्ये घडतो. सर्दी विषाणूंमुळे होत असल्याने तिच्यावर ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतल्या तरी विषाणूंचे काही बिघडत नाही. मात्र तेच औषध आतड्यातील असंख्य निरुपद्रवी जिवाणूंपर्यंत पोहोचते, त्यांतील दुबळे मरतात आणि जनुकीय बदलामुळे औषधाला दाद न देणारे जे थोडे असतात, त्यांना मोकळे रान मिळते. त्यातच अनेक जिवाणूंजवळ प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा तुकडा असतो, आणि त्यावरील प्रतिरोधाचे जनुक ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणूनच एका घरातील अनावश्यक गोळीचा परिणाम त्या घरापुरता राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 'सायन्स इन फाइव्ह' ही मालिका असे विषय पाचेक मिनिटांत मांडते, तर इतर अनेक मालिका रुग्णांच्या कहाण्यांवर भर देतात. साथरोगतज्ज्ञ स्टेफनी स्ट्रॅथडी यांचे पती टॉम पॅटरसन यांना २०१५ मध्ये इजिप्तच्या सहलीत बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर जिवाणूचा संसर्ग झाला आणि पुढे जिवाणूभक्षी विषाणूंच्या, म्हणजे फेजच्या, उपचाराने ते वाचले, ही हकिगत ऐकताना कोणीही खिळून राहील. तरीही तिच्यात एक धोका आहे: असा उपचार अद्याप प्रायोगिक असून बहुतेक रुग्णांना उपलब्ध नाही, हे ठळकपणे न सांगितल्यास शेवटी काही ना काही तोडगा निघतोच, असा दिलासा घेऊन श्रोता उठतो.

याहून मोठा धोका औषधांच्या नावांचा आहे. घशाच्या दुखण्यावर अमुक, जुलाबावर तमुक असे निवेदकाने सांगितले की तो भाग जनजागृती न राहता चिठ्ठी बनतो, आणि दुकानात 'त्या कार्यक्रमात सांगितलेली द्या' अशी मागणी सुरू होते. वाचकांनी आरोग्यविषयक पॉडकास्ट निवडताना ही कसोटी सर्वप्रथम लावावी. बोलणाऱ्याची पात्रता, कार्यक्रमाचा खर्च कोण करतो आणि भाग कधीचा आहे, हे त्यानंतर पाहावे. चांगला निवेदक गोळीच्या नावाऐवजी पट्टीचे वर्णन करतो: मागील बाजूस उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. भारतात १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीतील औषधे देताना, ज्यांत अनेक प्रतिजैविके आहेत, विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवणे बंधनकारक आहे, हेही श्रोत्याला कळले पाहिजे, म्हणजे विक्रेत्याने चिठ्ठी मागितल्यावर त्याचा राग येणार नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. इंग्रजी मालिका मराठी घरातील ज्येष्ठांच्या आणि कुक्कुटपालकांच्या उपयोगाच्या नाहीत. वास्तविक जनावरांच्या खाद्यातील प्रतिजैविकांचा विषय, ज्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, त्यांच्यापर्यंत आधी पोहोचायला हवा. म्हसवडच्या 'माणदेशी तरंग वाहिनी'सारखी सामुदायिक नभोवाणी केंद्रे गावच्या बोलीत बोलतात, आणि असे चार-पाच मिनिटांचे भाग आशा कार्यकर्तींच्या व्हॉट्सॲप गटांतूनही सहज फिरू शकतात.

ऐकलेल्या माहितीचा उपयोग दवाखान्यात प्रश्न विचारण्यासाठी करावा: हा आजार जिवाणूंचा आहे की विषाणूंचा, तपासणीची गरज आहे का, औषध नेमके किती दिवस घ्यायचे. बरे वाटू लागताच डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविक बंद करू नये आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवू नयेत. प्रतिजैविकाची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले तरी ताप तीन दिवसांहून अधिक टिकल्यास, धाप लागल्यास, शुद्ध हरपू लागल्यास किंवा तान्हे बाळ दूध ओढेनासे झाल्यास पुन्हा दवाखाना गाठावा. तीन महिन्यांहून लहान बाळाला ताप आल्यास तर तीन दिवसही थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.