होडीवर दोन बॅटऱ्या : सिरीज की पॅरलल?



मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात गरीने मासे मारणाऱ्या काही सभासदांनी होडीला बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर लावली आहे. आवाज नाही, पेट्रोल नाही, हे खरेच. पण एक बॅटरी पुरत नाही, मग दुसरी कशी जोडायची, हे विचारायला कोणी ना कोणी कार्यालयात येतच असतो. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

आधी मोटरवरची पट्टी वाचा. १२ व्होल्ट असेल तर पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. व्होल्ट १२च राहतात, १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांचे २०० होतात. पट्टीवर २४ असेल तर सिरीज : एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला. व्होल्ट २४ होतात, पण अँपिअर-तास १००च. सिरीजमध्ये जास्त वेळ चालते असे पुष्कळांना वाटते, ते खरे नाही. साठा दोन्हीकडे सारखाच, २४०० वॉट-तास. १२ च्या मोटरला मात्र २४ देऊ नका, आतले सर्किट जळते.

आता हिशोब बघा. ५५ पौंड थ्रस्टची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणजे १०० मधले ५०च आपले. झाला एक तास. खरे तर तेवढाही मिळत नाही, कारण बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा २० तासांत हळूहळू वापरण्याचा असतो. दोन पॅरलल असल्या की प्रत्येकीवर २५ अँपिअरच येतात, त्यामुळे वेळ दुपटीहून थोडा जास्तच मिळतो. आणि वेग निम्मा केलात तर फरक फारच मोठा.

सुकतीबरोबर खाली गेलात तर येताना पाणी अंगावर असते. म्हणून वापरायच्या साठ्यातला तिसरा हिस्सा जायला, उरलेला यायला. बॅटरी थोडा वेळ विश्रांतीला ठेवून मल्टिमीटर लावा : १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. वल्ही होडीत असूच द्या.

सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडतात सांगतो. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि दुकानातली नवी, अशी जोडी लावतात. पॅरललमध्ये जुनी बॅटरी नवीचा करंट खात राहते, मोटर बंद असतानाही. सिरीजमध्ये जुनी आधी रिकामी होते आणि तिच्यातून उलटा करंट ढकलला जातो, मग ती कायमचीच जाते. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच दिवशी घेतलेल्या हव्यात. एक गेली तर दोन्ही बदला. महाग वाटते, पण नवीही जुनीच्या मागोमाग जाते. गाडीची बॅटरीही नको, ती स्टार्टरच्या झटक्यासाठी असते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर चालते, पण उंच असते आणि होडी कलली की अ‍ॅसिड सांडते. सीलबंद डीप-सायकल बरी.

पॅरललमध्ये मोटरची प्लस वायर एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, दोघींवर भार सारखा पडतो. ५० अँपिअरला निदान १६ स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल हवी. लाईटची वायर तापून वितळेल. फ्यूज बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ, मोटरच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपिअरचाच. खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवे पडते, घासून व्हॅसलिन लावा. २४ च्या जोडीतल्या एकीवरूनच १२ चा दिवा घेऊ नका, ती एकटी उतरत जाते. चार्जिंग उघड्या हवेत, लेड-अ‍ॅसिडमधून निघणारा वायू पेट घेतो.

लिथियम (एलएफपी) वजनाला निम्म्याहून हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण चार्जर वेगळा, लेड-अ‍ॅसिडशी कधीच जोडायची नाही, आणि सिरीज कंपनीने परवानगी दिली असेल तरच.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांनी बॅटरी कार्यालयात आणावी, मोजून देऊ. येताना मोटरच्या पट्टीचा फोटो काढून आणा.