न दिसणारी उघडझाप

आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. म्हणजे दिव्याला सेकंदात १०० वेळा विझण्याची संधी मिळते. मग जुना पिवळा बल्ब विझताना का दिसत नसे? त्याची तार तापून उजेड देई, आणि तापलेली तार इतक्या थोड्या वेळात निवत नाही. चुलीतील निखाऱ्यासारखेच ते.

एल. ई. डी. म्हणजे प्रकाश देणारा डायोड. याचा प्रकाश उष्णतेतून निघत नाही. दोन निरनिराळ्या गुणांच्या अर्धवाहकांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागा भरतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. प्रवाह थांबला की सेकंदाचा दहा लाखावा भाग सरण्यापूर्वीच तो विझतो. ही चपळाई फार उपयोगी आहे. टी. व्ही.च्या रिमोटमधील डायोड बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांतून 'आवाज वाढव' हा निरोप जातो. तो प्रकाश अवरक्त असल्याने आपल्याला दिसत नाही, हे बरेच म्हणायचे!

२०१५ साली 'उजाला' योजना सुरू झाली आणि असे बल्ब स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोचले. चांगल्या बल्बात प्रवाह सपाट करणारी जोडणी असते. हलक्या बल्बात ती अपुरी असते, आणि मग तो सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो. डोळ्याला मात्र उजेड अखंडच वाटतो.

घरात याने फारसे बिघडत नाही. पण सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरण्या आहेत, लेथ आहेत, कापसाचे जिनिंग आहे. तेथील मोटार पुष्कळदा मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्यावर चार आऱ्यांची पुली आहे असे समजा. दोन उजेडांच्या मधल्या काळात पुली पाव फेऱ्याला किंचित कमी फिरते. म्हणून पुढचा आरा आधीच्या आऱ्याच्या जागी, पण जरासा मागे दिसतो. असे १०० वेळा झाले की भरधाव पुली सेकंदाला एक फेरा, तोही उलटा, घेताना भासते. यंत्रावर भार नसला तर मोटार १,५०० फेऱ्यांच्या जवळ जाते, आणि मग पुली जवळजवळ उभीच दिसते. पट्टा सरकवायला हात पुढे होतो तो नेमका अशा वेळी. कारखान्यांत शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडतात ते यासाठीच. सगळे एकदम विझत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. रात्री फक्त तो एकच दिवा ठेवून त्याखाली पेन्सिल झपाझप हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा ठीक. एकापुढे एक सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो ओसरीवर लावावा, गिरणीत नको.