अ‍ॅप्रनमधली चित्रकर्ती

वर्कशॉपच्या दिवशी आपण अ‍ॅप्रन घालतो, पण फोटो काढायची वेळ आली की तो आधी काढून ठेवतो. आना बिलिन्स्काने बरोबर उलटं केलं. १८८७ साली तिने स्वतःचं तैलचित्र काढलं, तेच मुळी अ‍ॅप्रन घालून. काळा पोशाख, विस्कटलेले केस, हातात ब्रश आणि थेट आपल्याकडे रोखलेली थकलेली नजर. मागे मॉडेलला बसवताना लावतात तसा कापडाचा पडदा. म्हणजे मॉडेलही तीच आणि चित्रकारही तीच!

आनाचा जन्म १८५४ चा. त्या काळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १७९५ पासून तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. वॉर्सामध्ये वोयचेख गेर्सन यांच्याकडे धडे गिरवून ती १८८२ मध्ये पॅरिसला पोचली. तिथल्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेशच नव्हता (तो मिळाला १८९७ मध्ये). मग खाजगी अकादमी ज्युलियाँमध्ये नाव घातलं. तिथे मुलींना फी मुलांपेक्षा जास्त! त्यातच दोन-तीन वर्षांत वडील, जिवलग मैत्रीण आणि लग्न ठरलेला चित्रकार, तिघेही गेले. चित्रातला काळा रंग त्यामुळे नुसता रंग वाटत नाही.

आता थोडं आपल्या विषयाचं. तैलरंग म्हणजे रंगाची पूड अधिक जवसाचं तेल. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही; ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून घट्ट पापुद्रा बनतो. याला काही दिवस लागतात, म्हणून चेहऱ्यावरच्या छटा ओल्या रंगात हळुवार मिसळता येतात. नियम एकच : खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात. पाया कच्चा ठेवला की काय होतं, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको!

हे चित्र १८८७ च्या पॅरिस सलाँमध्ये लागलं आणि त्याला पदक मिळालं. आज ते क्राकूवच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८९२ मध्ये आनाने डॉ. अंतोनी बोहदानोविच यांच्याशी लग्न केलं. वॉर्साला परतून मुलींसाठी चित्रशाळा काढायचा तिचा बेत होता. पण १८९३ मध्ये हृदयविकाराने ती गेली. शाळा राहिली. १८९२ साली सुरू केलेलं दुसरं आत्मचित्रही अर्धवटच राहिलं. ते वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मित्रांनो, दागिने घालून, नीट केस विंचरूनही तिला स्वतःला रंगवता आलं असतं. तिने काम करतानाचे कपडे निवडले. ज्या जगाने तिला सरकारी कलाशाळेच्या दाराबाहेर ठेवलं, त्याला तिने आपली ओळख सांगितली ती हातातल्या ब्रशने. पुढच्या वेळी वर्कशॉपमधून बाहेर पडताना ग्रीसचे डाग पडलेला अ‍ॅप्रन लपवू नका. एखादा फोटो त्याच्यासकट काढा.