इमारतीचं मॉडेल अपडेट ठेवण्याचा व्यवसाय: सेन्सरपासून सुरुवात कशी कराल?

डिजिटल ट्विन म्हणजे काय, ते व्हिडिओत पाहिलं. आज बघूया, त्यात तुमचं काम कोणतं.

मोठ्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनतं, त्याला बिम म्हणतात. पण ताबा दिला की बहुतेक वेळा ते मॉडेल तिथेच थांबतं. पुढे पंप बदलतो, एसी बदलतो, मॉडेलला पत्ताच नसतो. हे अंतर भरून काढणं, हीच तुमची सेवा.

१. एकच दुखणं निवडा. सगळी इमारत अंगावर घेऊ नका. पाण्यापासून सुरू करा. टाकीवर अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर, पंपाच्या पॅनेलमध्ये मॉडबसवाला एनर्जी मीटर. पॅनेलचं काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

२. ओळख जुळवा. आयएफसी फाइलमध्ये प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांचा ग्लोबल आयडी असतो. कोणता सेन्सर कोणत्या आयडीचा, याचा साधा एक्सेल तक्ता ठेवा. पंप बदलला की तक्ता त्याच दिवशी बदला.

३. रेंज बघा. तळघरात वायफाय अनेकदा पोचत नाही. तिथे लोरा वापरा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात, ठरलेल्या पॉवरच्या आत आणि मंजूर उपकरण असेल तर, वेगळा परवाना लागत नाही.

४. आकड्याचं वय दाखवा. दर १५ मिनिटांनी एक रीडिंग म्हणजे दिवसाला ९६. बॅटरी संपली की स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहू शकतो. टाकी ७० टक्के दिसते, प्रत्यक्षात रिकामी! एकदा असं झालं की ग्राहक गेलाच समजा. म्हणून सलग दोन रीडिंग चुकली की तो आकडा लाल झाला पाहिजे.

आणि एक गोष्ट ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा. हे सेन्सर पाणी, वीज, तापमान सांगतात. भिंत सरकली हे सांगत नाहीत. त्यासाठी पुन्हा मोजमाप किंवा लेझर स्कॅन लागतं, त्याचा दर वेगळा लावा.

बसवण्याचे पैसे एकदाच मिळतात, देखभालीचे दरमहा. कोटेशनमध्ये बॅटरी, सिम, सर्व्हर आणि तुमची फेरी, चारही धरा. नाहीतर नफा तिथेच गळतो.

गृहपाठ: या आठवड्यात ओळखीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. परवानगी घेऊन सात दिवस टाकीची पातळी काठीने मोजा आणि लिहून ठेवा. उद्या सेन्सर खरं बोलतोय का, हे याच वहीवरून कळेल.