गाडी काबर वाजी ऱ्हायनी? (चाकाच्या बेअरिंगचे निदान)

सुट्टीत भडगाव, पाचोरा किंवा चाळीसगावला घरी गेलं की मेकॅनिकलच्या पोराला एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, गाडी काबर वाजी ऱ्हायनी?" परीक्षेत बेअरिंगचं आयुष्य तासांत काढणारे आपण इथे मात्र गप्प! मग कोणीतरी अंदाजाने एका बाजूची बेअरिंग बदलतो. पैसे जातात, आवाज तसाच राहतो, आणि खराब बेअरिंगवर घरची माणसं प्रवास करत राहतात. हे टाळायचं तर नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आवाज बदलतो का ते ऐका.

आवाज येतो कुठून?
बेअरिंगच्या रेसवर खड्डा पडला की त्यावरून जाणारा प्रत्येक बॉल ठोका देतो. टायरचा व्यास ५५ सेंमी आणि वेग ताशी ६० किमी धरा. चाक सेकंदाला साधारण ९.६ फेरे घेतं. बॉल १२, बॉलचा व्यास पिच व्यासाच्या ०.२ पट आणि स्पर्शकोन शून्य धरला, तर बाहेरच्या रेसवरच्या खड्ड्यावर सेकंदाला (१२ ÷ २) × ९.६ × (१ − ०.२) = सुमारे ४६ ठोके पडतात. ते सुटे ऐकू येत नाहीत, घुंऽऽ अशी घरघर येते. म्हणूनच हा आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो, इंजिनच्या आरपीएमबरोबर नाही.

रस्त्यावरची तपासणी
१) मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रल करा. (इंजिन बंद करायचं नाही!) घरघर तशीच राहिली तर संशय चाकाकडे.
२) खडबडीत डांबरावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्यावर आवाज एकदम बदलला तर दोष बहुधा टायरचा. खात्रीसाठी पुढचे टायर मागे टाकून बघा.
३) हलका ब्रेक लावल्यावर आवाज बदलला तर आधी ब्रेक तपासा.
४) गाडी डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. काही दुहेरी ओळीच्या बेअरिंग याच्या उलटही वागतात, म्हणून निकाल इथेच देऊ नका.
५) हळू वेगात पूर्ण वळवताना 'कट कट' वाजत असेल तर ती बेअरिंग नव्हे, ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट.

जॅकवरची तपासणी
सपाट जागा, बाकी चाकांना दगड किंवा गुटके, आणि जॅकसोबत स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाक वर-खाली (घड्याळातले १२ आणि ६) धरून हलवा. 'खट' लागलं तर मित्राला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन बघा. फक्त आडवं (९ आणि ३) हललं तर टाय रॉड तपासा. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते. प्ले नसला तरी बेअरिंग खराब असू शकते, म्हणून ही पायरी गाळू नका.

बेअरिंग जाते कशाने?
आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवरच्या पाण्यातून गाड्या निघतात. तापलेला हब पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी व गाळ आत ओढला जातो. ग्रीस धुतलं गेलं की रेस खराब व्हायला लागते. खड्ड्यांचे दणके, जास्त आवळलेला नट आणि बसवताना बॉलमार्फत दिलेला हातोडीचा मार हीही कारणं आहेतच. जुन्या जीपच्या टेपर रोलर बेअरिंगला ग्रीस आणि ॲडजस्टमेंट देता येते. सीलबंद हब मात्र बदलावाच लागतो.

ठोकळ्यासारखी खडखड सुरू झाली किंवा चाक हाताला हललं, तर ती गाडी चाळीसगावपर्यंतसुद्धा नेऊ नका. मेकॅनिकला जागेवर बोलवा. आणि कोणती बाजू, कोणत्या तपासणीत काय दिसलं, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. कॉलेजात जे शिकलो, त्याचा घरच्यांना एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा!