खेसारीचे विष आणि ग्राहीचा अडसर

खेसारी, म्हणजेच विदर्भातील लाखोळी, हे अवर्षणातही तग धरणारे कडधान्य आहे. इतर पिके बुडतात तेव्हा गरिबाच्या ताटात बहुधा तेच उरते. कित्येक महिने तेच मुख्य अन्न झाले, तर काहींचे पाय ताठरतात; रुग्णास आधी एक, मग दोन काठ्यांचा आधार लागतो आणि अखेरीस सरपटावे लागते. आयुर्वेदात यास ‘कलायखंज’ म्हटले आहे. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील ह्यू अ‍ॅक्टन यांनी या रोगाच्या कारणांचा शोध घेऊन १९२२ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लेख प्रसिद्ध केला. विषाचे स्वरूप मात्र तेव्हा उकलले नाही.

१९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्यास ‘ओडॅप’ म्हणतात. त्याची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक होय. तो चेतापेशीवरील ग्राहीस चिकटला की मार्ग उघडतो, सोडियमचे आयन आत शिरतात व पेशी उद्दीपित होते. हे उद्दीपन अतिरेकी झाले, तर पेशी मरते.

ग्लुटामेटचे ग्राही अनेक प्रकारचे आहेत. मग ओडॅप कोणत्या ग्राहीमार्फत घात करते? येथे निवडक प्रतिरोधक उपयोगी पडतात. १९९० मध्ये पुढे आलेले ‘एनबीक्यूएक्स’ हे त्यांपैकी एक. ते ‘एएमपीए’ व ‘कायनेट’ या ग्राहींवर जाऊन बसते, पण मार्ग उघडत नाही. ‘एनएमडीए’ ग्राही मात्र मोकळा राहतो. एक प्रकार रोखल्याने पेशी वाचत असतील, तर विषाची वाट तीच, असे अनुमान निघते. अशा प्रयोगांतून ओडॅपचा रोख मुख्यतः एएमपीए ग्राहीकडे असल्याचे दिसून आले.

तथापि एनबीक्यूएक्स औषध ठरले नाही. ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि मूत्रपिंडात त्याचा साका बसतो. शिवाय मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय. डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून द्यावे, आहारात इतर धान्ये असावीत आणि ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे कमी विषाचे वाण पेरावेत. प्रयोगशाळेने विषाची वाट दाखविली. ती बंद करण्याचे काम शेतात व स्वयंपाकघरातच व्हावयाचे आहे.