टर्बो आऊटबोर्ड इंजिन : हवा कुठून घ्यायची, उष्णता कुठे टाकायची

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरच्या बाजूने टांगलेले आणि हवे तेव्हा उचलून धरता येणारे इंजिन म्हणजे आऊटबोर्ड इंजिन. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास ते विक्रीस आणले. तेव्हापासून त्याची ठेवण फारशी बदललेली नाही. वर डोके, मध्ये लांब पाय, खाली पाण्यात पंखा, आणि डोक्यावर टोपासारखे झाकण. टर्बोचार्जरची कल्पना तर याहूनही थोडी जुनी. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक डिझेल ट्रक टर्बोवर चालतो. मग शंभर वर्षे शेजारीशेजारी राहूनही आऊटबोर्ड आणि टर्बो यांची सोयरीक इतकी क्वचित का जुळावी? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर मला असे दिसले की, अडचण टर्बोमध्ये नाही. ती टोपाखालच्या हातभर जागेत आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मामांचे कारवारला होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप आहे, आणि सुट्टीत त्यांची वही मी लिहिते. गेल्या दिवाळीत त्यांच्या ओळखीच्या एका नौकाचालकाने सल्ला विचारला. काळी नदीच्या मुखाजवळ पर्यटकांना फिरवणारी त्याची बोट. सोसायटीचे कर्ज काढून परदेशी बनावटीचे टर्बो डिझेल आऊटबोर्ड घ्यावे काय, हा त्याचा प्रश्न. मामा मला म्हणाले, "अगं, किंमत काय ती विकणारा सांगेलच. खर्च किती ते तू काढ." खर्च काढायचा तर यंत्र कळले पाहिजे. शिवाय ओहोटीच्या वेळी, बोटीत वीस माणसे असताना नदीमुखावर इंजिन बंद पडले, तर तो खर्च कोणत्याच खात्यावर मांडता येत नाही.

आधी हवेचा हिशेब पाहू. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा ओढते. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर मिनिटाला सुमारे ४,००० लिटर हवा झाली. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि व्यवहारात डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. म्हणजे शक्ती वाढवायची तर इंधन ओतून भागत नाही, हवा वाढवावी लागते. एक तर इंजिन मोठे करा, नाही तर त्याच इंजिनात हवा दाबून भरा. टर्बोचार्जर हे दुसरे काम करतो. बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या झोतावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र आत जाणारी हवा दाबते. दांड्याचा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्याही वर जातो. वाया जाणाऱ्या धुरातून हे काम होते, म्हणून विक्रेते त्याला फुकटची शक्ती म्हणतात. फुकट हा शब्द ऐकला की आमच्या कॉस्टिंगच्या तासाला सगळा वर्ग हसतो. तसे मीही येथे हसून घेते.

आता ही हवा घ्यायची कुठून? ट्रकची हवा धुळीची असते, पण कोरडी असते. होडीच्या मागे मात्र तुषार, लाटांचा फेस, आणि पावसाळ्यात वरून आणखी पाणी. बोट वेगात असताना एकाएकी मंद केली, की मागची लाट पुढे येऊन फळीवर चढते आणि कधीकधी इंजिनाला न्हाऊ घालते. म्हणून हवेचे तोंड टोपाच्या शक्य तितके वर आणि बहुधा मागच्या बाजूला ठेवतात, म्हणजे समोरचे तुषार थेट आत घुसत नाहीत. आतही सरळ वाट नसते. हवेला आडव्या पडद्यांवरून वळणे घेत जावे लागते. हवा हलकी म्हणून वळते, पाण्याचा थेंब जड म्हणून पडद्यावर आपटतो आणि खालच्या भोकातून निचरून जातो. कन्नडमध्ये हवेला, वाऱ्याला 'गाळी' म्हणतात. मराठी कानाला त्यात गाळणी ऐकू येते, आणि येथे दोन्ही अर्थ एकाच डब्यात बसलेले आहेत. पण या वळणांनाही किंमत आहेच. वाट जितकी वाकडी, तितके इंजिनाला जोर लावून ओढावे लागते. फार गाळाल तर श्वास कोंडेल, कमी गाळाल तर मीठ आत जाईल. लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर पाण्याचे थेंब सतत आदळत राहिले तर पात्याच्या कडा झिजतात, आणि मिठाचा थर बसला की चक्राचा तोल बिघडतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टोप बंद, आत तापलेले इंजिन. हवा टोपात शिरून इंजिनाभोवती रेंगाळली आणि मग ओढली गेली, तर ती गरम होऊनच आत जाते. ३० अंशांची हवा ४० अंश झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणून चांगल्या रचनेत बाहेरची हवा नळीने थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेतात, आणि टोपाखालची गरम हवा बाहेर काढायला वेगळी वाट ठेवतात. येणारे आणि जाणारे एकाच दारातून गेले की घोटाळा, हे लग्नाच्या मांडवात जितके खरे तितकेच येथे.

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप भराभर मारताना नळी हाताला चटका देते, तोच प्रकार. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांवर निघते. दाब दुप्पट झाला, पण तापल्यामुळे हवा फुगली; घनता दुप्पट न होता दीडपटच झाली. हीच हवा ५० अंशांपर्यंत थंड केली, तर घनता जवळजवळ १.९ पट होते. टर्बोच्या कमाईतला एवढा मोठा वाटा थंड करण्यावर अवलंबून आहे! हे काम करणाऱ्या भागाला इंटरकूलर म्हणतात. मोटारीत त्यावर वारा घेतात. बोटीत खाली समुद्रच असल्याने त्याच्या नळ्यांतून पाणी फिरवतात. वर धरलेल्या दोन लिटरच्या इंजिनाचे गणित मी करून पाहिले. इंटरकूलरला साधारण ११ किलोवॅट उष्णता काढावी लागते, म्हणजे घरगुती दोन किलोवॅटचे पाच-साडेपाच गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे. त्यासाठी पाणी दहा अंश तापू दिले तर मिनिटाला सोळा-सतरा लिटर पाणी पुरते.

हे पाणी पुढे कुठे जाते त्याचा क्रमही ठरलेला असतो. आमच्या आजीकडे आडाचे पाणी आधी पिण्याला, मग भांड्यांना, आणि उरलेले परसातल्या केळींना जाई. तसेच येथे. समुद्राचे ताजे, सर्वांत गार पाणी आधी इंटरकूलरला, कारण तेथे प्रत्येक अंशाला मोल आहे. मग तेलाला, मग इंजिनाला, आणि शेवटी धुराच्या नळीच्या कवचाला. धूर अखेर त्या पाण्यासकट लांब पायातून खाली उतरतो आणि बहुतेक इंजिनांत पंख्याच्या मधल्या भोकातून बाहेर पडतो.

येथवर वाचून असे वाटेल की हवा जितकी गार तितकी बरी. मलाही तसेच वाटणे साहजिक होते, पण आकडे मांडले तर कोकण-कारवारची दमट हवा आडवी येते. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा. अशा हवेतून साधारण २६ अंशांना दव पडू लागते. तीच हवा दुप्पट दाबली की तिच्यातल्या वाफेचा दाबही दुप्पट होतो, आणि दव पडण्याचा बिंदू ३८-३९ अंशांवर चढतो. समुद्राचे पाणी २८-२९ अंशांचे. म्हणजे इंटरकूलर गरजेपेक्षा मोठा बसवला तर हवा ३८ अंशांच्याही खाली जाईल आणि तिच्यातले पाणी थेंबाथेंबाने इंजिनाच्या वाटेत साचेल. बाहेरचे पाणी अडवायला एवढे पडदे उभारले, आणि पाणी आतच तयार झाले! म्हणून हवेचे तापमान ४५-५० अंशांच्या आसपास राखणे आपल्या किनाऱ्यावर शहाणपणाचे, आणि इंटरकूलरच्या तळाशी निचऱ्याची सोय आहे की नाही हे पाहणे त्याहून शहाणपणाचे. थंड देशात जन्मलेल्या यंत्राबाबत हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. मामांच्या यादीत मी तो पहिला लिहिला.

खुद्द इंजिन थंड करण्याच्या दोन पद्धती आहेत. साध्या आऊटबोर्डमध्ये समुद्राचे पाणी सरळ इंजिनाच्या अंगातून फिरते. स्वस्त आणि हलके काम. पण खाऱ्या पाण्याला फार तापू देता येत नाही, नाही तर क्षार सुटून वाटेत पुटे बसतात. त्यामुळे अशी इंजिने ६० अंशांच्या आसपासच ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत इंजिनात गोडे पाणी आणि कूलंट बंदिस्त फिरते, आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचे पाणी त्याची उष्णता घेऊन जाते. इंजिन ८०-९० अंशांवर सुखाने चालते, मीठ त्याच्या अंगाला लागत नाही. मात्र पंप दोन, नळ्या दुप्पट, सांधे दुप्पट. आणि दोन्ही पद्धतींत सगळे अवलंबून असते ते खालच्या पायातल्या एका रबरी इंपेलरवर. वाळू ओढली की त्याची पाती झिजतात, कोरडे फिरवले की करपतात. मामांच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद हीच : इंपेलर. वस्तू लहान, पण ती गेली की वरचा सारा डोलारा काही मिनिटांत तापतो. इंजिनाच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार सतत पडत असते, ती पाणी खेळत असल्याची खूण. धार थांबली की इंजिन थांबवायचे, हे कारवारच्या किनाऱ्यावरचे लहान पोरही सांगेल.

टर्बोची गरम बाजू हा सर्वांत अवघड भाग. टर्बोला धूर तप्त हवा, कारण त्या उष्णतेवरच त्याचे चक्र फिरते. टोपाखाली मात्र तापलेले काहीच नको, कारण तेथे वायरी आहेत, रबरी नळ्या आहेत, आणि पेट्रोलचे इंजिन असेल तर पेट्रोलची वाफही असू शकते. पाण्याचे कवच घालावे तर धुरातली शक्ती पाण्यात जाते, न घालावे तर टोप भाजतो. कदाचित यामुळेच पेट्रोलच्या आऊटबोर्डवाल्यांनी टर्बोला वळसा घातला. अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीने २००४ मध्ये व्हेराडो हे इंजिन काढले. २.६ लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, २७५ अश्वशक्ती. त्यात हवा दाबायला टर्बो नसून इंजिनाच्याच पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर होता, आणि हवा थंड करायला समुद्राच्या पाण्याचा कूलर. सुपरचार्जर इंजिनाची थोडी शक्ती खातो, पण तप्त चक्राची कटकट नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच कंपनीने ३०० अश्वशक्तीपर्यंतचे ४.६ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन आणले. त्यात हवा दाबण्याची कोणतीच योजना नव्हती. इंजिन मोठे करणे हाच हिशेब तेथे सोपा ठरला, असे मी समजते.

डिझेलवाल्यांना मात्र टर्बोशिवाय गत नाही, कारण टर्बो नसलेले डिझेल त्याच शक्तीसाठी फार जड होते, आणि आऊटबोर्ड तर होडीच्या मागच्या फळीला लटकायचे असते. स्वीडनच्या ऑक्सी कंपनीने मोटारगाडीचे दोन लिटरचे टर्बो डिझेल आडवेच ठेवून पट्ट्याने शक्ती खाली नेली. ब्रिटनच्या कॉक्स कंपनीने ४.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे, ३०० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल उभ्या दांड्यावर बसवले. अशा इंजिनांचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः लष्करे, गस्ती नौका, दिवसभर चालणाऱ्या व्यापारी बोटी. त्यांना मोठ्या जहाजावर पेट्रोलचा साठा नको असतो, आणि तेलाची बचत रोजच्या रोज हवी असते. आपल्याकडच्या लहान मासेमारी होड्यांना बसतात ती दहा अश्वशक्तीच्या आसपासची साधी इंजिने. त्यांना या साऱ्याची गरज नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

शेवटी चालवणाऱ्याच्या सवयीचा प्रश्न, जो किमतीच्या पत्रकात कधीच नसतो. आपल्याकडे बोट वाळूला लागली की इंजिन बंद करायचे आणि लगेच पाय वर उचलायचा, ही रीत आहे. टर्बोला ती सोसत नाही. इंजिन बंद होताच तेलाचा पंप थांबतो, पाय उचलताच पाणीही तुटते, आणि टर्बोचा दांडा अजून तापलेलाच असतो. त्याच्या बेअरिंगमधले तेल करपून कोळसा होतो. शिवाय टर्बोतले तेल आपल्या वजनानेच खाली तेलाच्या टाकीत उतरते. पाय तिरका झाला की तोही उतार बदलतो. म्हणून थांबण्यापूर्वी इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे लागते.

याचा हिशेब मी असा मांडला. दिवसाला आठ फेऱ्या, दर फेरीला तीन मिनिटे, म्हणजे रोज २४ मिनिटे. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ९६ तास. मंद गतीला ताशी दीड लिटर डिझेल धरले तर १४४ लिटर. डिझेलची रक्कम फार नाही. पण इंजिनाच्या घड्याळात हे ९६ तासही मोजले जातात, आणि तेल बदलणे, फिल्टर, इंपेलर, जस्ताचे तुकडे हे सारे त्या घड्याळावर ठरते. हप्त्याच्या तक्त्यात त्यासाठी एक वेगळी ओळ मी घातली आहे, आणि फेऱ्या आठच्या ऐवजी सहा धरल्या तर काय होते तेही तिच्याखाली लिहिले आहे.